टेकवा, दाबू नका

खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालं, वर कॅप बसली आणि माझं जेवण डाव्या बाजूला गेलं. सतत दुखायचं असं नाही. भाकरीचा मऊ घास चालायचा, भातही चालायचा. पण तर्री-पोह्यातला एखादा चणा नेमका त्या दाढेखाली आला की कळ थेट कानापर्यंत जायची. दवाखाना घराजवळचा, नागपुरातल्या प्रतापनगरातलाच, डॉक्टर मनमिळाऊ. त्यांनी दाताखाली निळा कागद ठेवला, "चावा काका" म्हणाले, उमटलेला ठिपका घासला, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. "आता कसं वाटते?" "ठीक वाटते." खुर्चीत खरंच ठीक वाटायचं. रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच. अशा काही खेपा झाल्यावर ते म्हणाले, "आता कागदावर काहीच दिसत नाही काका. सवय होऊन जाईल."

मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आधी फिटर आणि नंतर इन्स्पेक्शनमध्ये नोकरी काढली. जॉब, म्हणजे हातातला घडवलेला सुटा भाग, बसत नसेल तर "सवय होऊन जाईल" असं म्हणायची आमच्याकडे सोय नव्हती. तो निळा कागद तर माझ्या फारच ओळखीचा निघाला. आम्ही सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट लोखंडी पाटावर, प्रशियन ब्ल्यूचा पातळ हात द्यायचो, त्यावर जॉब ठेवून सरकवायचो, निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच स्क्रॅपरने काढायचा, पुन्हा सरकवून पाहायचं. तोच प्रकार. फरक एकच, आम्ही जॉब सरकवायचो. इथे मला नुसतं उघड-मीट करायला सांगत होते.

त्यातच बायकोची तक्रार वाढली. "रातभर करकर दात खाऊन राहिले तुम्ही. शेजारच्या खोलीत ऐकू येते." आरशात नीट पाहिलं तर पुढच्या दातांच्या कडा सपाट झालेल्या, आणि सुळे नावालाच सुळे उरलेले. मुलीची एक मैत्रीण दंतवैद्यकाची. ती म्हणाली, "काका, मेडिकलला जा. डेंटल कॉलेजमध्ये प्रोस्थोची, म्हणजे कॅप-कवळीवाल्यांची, ओपीडी आहे, ते वेळ देतात." हे 'वेळ देतात' महत्त्वाचं निघालं.

मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय म्हणजे सकाळी गर्दी, केस पेपरची रांग, एक्स-रेची रांग. ते सगळं जसं असतं तसंच होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. पीजी करणाऱ्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "खर्रा खाता का?" खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आणि नागपुरात हा प्रश्न पहिला का येतो ते बाकावर बसल्यावर कळतं. माझ्या शेजारच्या पोराचं वय पंचविशीचं असेल, पण तोंडात धड दोन बोटं जात नव्हती. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणंच कमी होतं. अशा माणसाच्या दाढेपर्यंत डॉक्टरांचं अवजारसुद्धा पोहोचत नाही, कॅप फार पुढची गोष्ट. मी खर्रा कधी खाल्ला नाही. माझं तोंड मॅडमनी पट्टीने मोजलं, 46 मिलिमीटर. साधारण 40 ते 50 चांगलं समजतात.

मग त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि सावकाश उघडायला, मिटायला सांगितलं. दाताच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाचे कान कशाला चाचपतात, असं मनात आलं, पण काही वेळातच त्याचा अर्थ लागला. खालच्या जबड्याला दोन सांधे, दोन्ही कानांपुढे, आणि हाड एकच. त्यामुळे एका बाजूला काही झालं की दुसरी बाजू गप्प बसू शकत नाही. आणि हा सांधा नुसता फिरत नाही. पहिल्या दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत हाडाची गोळी बहुतेक जागेवरच फिरते, त्यापुढे तोंड उघडायचं तर ती उतारावरून पुढे आणि खाली घसरते. स्वतःच्या कानांपुढे बोट ठेवून पाहा, घसरताना लागते. फिरणं आणि सरकणं एकाच सांध्यात. आमच्या ड्रॉइंग ऑफिसने असा सांधा काढून दिला असता तर मी परत पाठवला असता.

विभागातले सर नंतर आले. त्यांनी केस पेपरच्या पाठीमागे एक बाकदार, वर टोक असलेली आकृती काढली. खालच्या पुढच्या दातांमधल्या एका बिंदूला धरून जबडा जास्तीत जास्त कुठे कुठे जाऊ शकतो, त्याची ती हद्द. स्वीडनच्या उल्फ पॉसेल्टने 1952 मध्ये मांडलेली. "खाताना, बोलताना तुमचा जबडा या हद्दीच्या आतच फिरते," सर म्हणाले. "या खालच्या आणि मागच्या कडा सांधे आणि अस्थिबंध ठरवतात. ही वरची कड आहे ना, एवढी, ती दात ठरवतात. आम्ही दंतवैद्य लोक खरं तर इतक्याच जागेत काम करतो." मला हे फार पटलं. तो कागद मी मागून घेतला.

आता मुद्दा असा की माझ्या दाढेवर कागद ठेवून चावलं तर ठिपका अगदी शहाण्यासारखा उमटत होता. शेजारच्या दाढांवर जेवढा, तेवढाच. घराजवळचे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. मॅडमनी मात्र निळा कागद काढून लाल लावला आणि म्हणाल्या, "दात टेकलेले ठेवा, आता जबडा डावीकडे सरकवा. डावीकडे, काका. उजवीकडे नाही." सांगितल्याबरोबर जबडा डावीकडे नेणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन-तीनदा भलतीकडेच गेला. नेमका गेला तेव्हा उजवीकडच्या कॅपवर लाल ओरखडा उमटला, चांगला लांब. खालच्या दाढेच्या गालाकडच्या टोकाचा आतला उतार आणि वरच्या दाढेच्या टाळूकडच्या टोकाचा आतला उतार, हे दोन एकमेकांवर घासत होते.

याचा अर्थ सरांनी सांगितला तो ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. जबडा डावीकडे गेला की डावी बाजू कामाची, उजवी रिकामी. त्या वेळी रिकाम्या बाजूचे दात एकमेकांपासून सुटलेले असावेत. ते सुटण्याचं काम सुळे करतात. सुळ्याचं मूळ लांब आणि दणकट, शिवाय तो सांध्यापासून आणि चावण्याच्या मोठ्या स्नायूंपासून लांब पुढे. बाजूला सरकताना खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या आतल्या उतारावरून चालतो आणि मागच्या दाढा अलगद सुटतात. काहींच्या तोंडात हे काम एकटा सुळा करतो, काहींच्या तोंडात शेजारच्या उपदाढा त्याला हातभार लावतात. दोन्ही ठीक. माझे सुळे झिजून सपाट, त्यामुळे उचलणारं कोणीच नाही. आणि नवीन कॅपची टोकं मात्र पुस्तकातल्यासारखी उंच. दाढ दुखते म्हणून मी डावीकडून चावत होतो, आणि डावीकडच्या प्रत्येक घासाला जबडा डावीकडे जाऊन परत येताना उजवीकडची कॅप वरच्या दाढेला घासून येत होती.

हे झालं एक. दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त विचार करायला लावणारी वाटली. मॅडमनी पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक जुडगा आणला. फीलर गेज! आम्ही फट मोजायला वापरायचो त्या पट्ट्या, हुबेहूब. फक्त पोलादाऐवजी प्लॅस्टिक. त्याला ते लीफ गेज म्हणतात. तो पुढच्या दातांमध्ये धरायला दिला, म्हणजे मागचे दात एकमेकांना लागतच नाहीत, आणि जबडा पुढे-मागे सरकवत बसायला सांगितलं. चांगला वेळ. "कशासाठी?" "तुमच्या स्नायूंना विसरायला लावून राहिलो," मॅडम म्हणाल्या. माझी नजर पाहून त्यांनी उलगडून सांगितलं. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा एक पडदा असतो, 0.2 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, आणि त्यात दाब कळणाऱ्या नसा. दोन दातांमध्ये वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण आला तरी माणसाला कळतो, आणि केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. तर इतक्या बारीक जाणिवेच्या जोरावर मेंदू काय करतो, जिथे लागतं ती जागा टाळून जबडा मिटायचा नवा रस्ता शोधतो आणि तोच पाठ करून ठेवतो. मग कागद लावून चावायला सांगितलं की माणूस त्या पाठ केलेल्या रस्त्याने येऊन मिटतो आणि कागदावर सगळं छान दिसतं.

इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. जॉब स्वतःच गेजला चुकवतो! लोखंड असं करत नाही.

तर स्नायू थकून सैल पडल्यावर एकेक पट्टी काढत गेले. सर्वात आधी टेकली ती कॅपच, मागच्या उतारावर. तिथून जबडा थोडा पुढे आणि डावीकडे घसरायचा आणि मग बाकीचे दात जुळायचे. अशी घसरण बहुतेक लोकांमध्ये असतेच, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, आणि त्यांना काही होत नाही हे सरांनी आवर्जून सांगितलं. माझ्यात ती तिरपी होती आणि तिचा सगळा भार एकाच दाढेवर होता.

मी लगेच निष्कर्ष काढला: म्हणजे या कॅपमुळेच मी रात्री दात खातो. सर नाही म्हणाले. ठाम नाही. झोपेतलं दात खाणं मेंदूतून येतं, झोप मध्येच हलकी होते तेव्हा. ताण, काही औषधं, दारू, सिगारेट यांचा त्याच्याशी संबंध लावतात. दातांची जुळणी सुधारली म्हणून ते थांबेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. "आम्ही चावा सुधारला तर तुमची दाढ दुखायची थांबेल. करकर थांबेल असं मी लिहून देत नाही." माझी झीज कॅपच्या कितीतरी आधीची होती, हे तर दिसतच होतं. तरी कारण आणि परिणाम असे वेगळे ठेवणारा डॉक्टर भेटला की बरं वाटतं.

इलाजाचे दोन मार्ग होते. एक, सगळेच झिजलेले दात कॅप लावून उभे करायचे आणि चावा नव्याने सांध्याच्या हिशेबाने बसवायचा. दुसरा, आहे तो चावा ठेवायचा, फक्त सुळे भरून उभे करायचे आणि ती एक कॅप बदलायची. खाजगीत मला पहिला मार्ग सुचवला गेला होता, पॅकेजसकट. सर दुसऱ्याच्या बाजूने होते. दात एकदा घासला की परत येत नाही, म्हणून जेवढं कमी तेवढं बरं. फक्त त्याआधी काही आठवडे रात्री स्प्लिंट घालायचं ठरलं.

स्प्लिंट म्हणजे वरच्या दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी. तिचा खालचा भाग गुळगुळीत, सपाट, फक्त सुळ्यांपाशी छोटा चढ. खालचे सगळे दात तिच्यावर एकसारखे टेकतात आणि बाजूला सरकलं की मागचे सुटतात. म्हणजे दुरुस्तीनंतर जे व्हायला हवं ते आधी प्लॅस्टिकवर करून पाहायचं, दाताला हात न लावता. हे मला सर्वात आवडलं. दर खेपेला कागद लावला की ठिपके थोडे सरकलेले असायचे. स्नायू सैल होत गेले तसा जबडा जागा बदलत होता. मॅडम ते ठिपके जुळवून द्यायच्या. मग एकदा ठिपके गेल्या खेपेच्याच जागी मिळाले, आणि पुढच्याही. गालाचा उजवा स्नायू दाबल्यावर दुखायचा, तोही निवला. "आता माप घेऊ," त्या म्हणाल्या.

मापाचा दिवस पाहण्यासारखा होता. दातांचे साचे घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते साचे जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर चढवायचे तर वरचा जबडा सांध्यापासून किती लांब आणि कसा कललेला आहे हेही यंत्राला सांगावं लागतं. त्यासाठी फेसबो. धनुष्याकृती चौकट, तिची दोन टोकं दोन्ही कानांत, मेणाचा काटा वरच्या दातांवर, आणि एक सुई डोळ्याखालच्या हाडाकडे रोखलेली. बाकावरच्या बाया माझ्याकडे पाहून पदराआड हसत होत्या. चालायचंच. त्यानंतर मऊ मेणावर जबडा सैल अवस्थेत मिटवून एक नोंद, आणि जबडा पुढे काढून दुसरी.

ही सगळी नोंद ज्या यंत्रावर गेली तो आर्टिक्युलेटर मी हट्टाने लॅबमध्ये जाऊन पाहिला. पितळी-स्टीलचा, दोन्ही बाजूंना सांध्याच्या गोळ्या, त्यांच्या वाटेचा उतार बदलायला अंशांच्या खुणा. हानाऊ कंपनीचा. आणि रुडॉल्फ हानाऊ हा दंतवैद्य नव्हताच, इंजिनिअर होता, हे सरांनी सांगितलं तेव्हा माझी छाती उगीचच फुगली. जबडा पुढे काढून घेतलेल्या नोंदीवरून पुढच्या उताराचा कोन मिळतो. जबडा बाजूला सरकतानाचा कोन हानाऊने सूत्रात बसवला: पुढच्या कोनाला आठाने भागा आणि बारा मिळवा. माझा पुढचा कोन तीस अंश निघाला. म्हणजे बाजूचा पावणेसोळा. मी तोंडी सांगितला तर मॅडमनी खूण सोळाजवळ नेत माझ्याकडे पाहिलं.

पण यंत्राच्या मर्यादाही तिथेच दिसतात. त्यात सांध्याची वाट सरळ रेषेत, माणसात ती बाकदार. दोन गोळ्यांमधलं अंतर यंत्रात ठरलेलं, 110 मिलिमीटर. माणसाचं डोकं कमी-जास्त. साच्याचं प्लास्टर चांगल्यातलं चांगलं घेतलं तरी घट्ट होताना हजारात एक भागापर्यंत फुगतं. दातांची कमान पन्नास मिलिमीटर रुंद धरली तर पन्नास मायक्रॉन तिथेच गेले, आणि माणसाला कळतात वीस. शिवाय तोंडातलं सगळं मांसल, दाबलं की दबतं, आणि ते प्रत्येक मापात शिरतं. हे खुद्द हानाऊनेच मांडून ठेवलं होतं. म्हणजे यंत्र जवळ आणून सोडतं. शेवटचं काम तोंडातच.

लॅबमधल्या टेक्निशियनने सुळ्यांच्या साच्यावर गरम मेणाचा थेंब ठेवला, यंत्र डावीकडे सरकवलं, मागच्या दाढा पाहिल्या, मेण खरवडलं, पुन्हा सरकवलं. उजवीकडच्या दाढा सुटल्या तेव्हा फट अर्ध्या मिलिमीटरचीही नव्हती. "एवढं बस," तो म्हणाला. "जास्त उंच केला तर सुळा तुटून येईल अन् तुम्ही आमच्या नावाने ओरडाल." त्या मेणाच्या आकाराचा रबरी ठसा घेऊन तोच आकार तोंडात कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, उतरवला. वरचे दोन्ही सुळे, दात न घासता. भूल नाही, दुखणं नाही. चार-पाच दिवस जीभ सारखी तिथे जात होती, आणि 'स' म्हणताना शिटी वाजल्यासारखं व्हायचं, ते आपोआप गेलं.

मग जुनी कॅप कापून काढली. नवीन कशाची, यावर चर्चा. धातूवर सिरॅमिक की झिर्कोनिया, म्हणजे धातूशिवायचं कडक पांढरं सिरॅमिक. मी म्हटलं, सिरॅमिक इतकं कडक की समोरचा दात खाईल. सर म्हणाले, कडकपणापेक्षा खरखरीतपणा दात खातो. झिर्कोनिया नीट पॉलिश केलेला असला तर समोरच्या दाताला फार त्रास देत नाही. पण तोंडात बसवताना घासला आणि पॉलिश न करता तसाच सोडला तर तो कानसच. शॉपमध्ये हे वेगळं शिकवावं लागत नाही. झिर्कोनिया ठरला, टोकं बुटकी ठेवून. तोवर प्लॅस्टिकची तात्पुरती.

शेवटची बैठक मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण हीच गोष्ट सगळीकडे पाच मिनिटांत उरकली जाते.

कॅप हातात घेण्याआधी मॅडमनी एक चंदेरी पट्टी काढली, आठ मायक्रॉनची. शिमस्टॉक म्हणतात. दाढेवर कॅप नसताना ती शेजारच्या दातांमध्ये धरून मला मिटायला सांगितलं आणि ओढून पाहिली. पकडली. पुढच्या जोडीत, पकडली. डावीकडेही. हे सगळं लिहून ठेवलं. मग कॅप नुसती ठेवली, न चिकटवता, आणि त्याच जागी पुन्हा पट्टी. आता ती शेजारच्या दातांतून सरळ निसटून आली. म्हणजे कॅप उंच. मला खुर्चीत काहीही जाणवत नव्हतं, पण पट्टीला कळलं. मग निळा कागद, चाळीस मायक्रॉनचा, दात आधी कापसाने आणि हवेने कोरडे करून, कारण ओल्या दातावर खूण उमटत नाही. "टेकवा, दाबू नका," हे त्या दर वेळी म्हणायच्या. जोरात दाबलं की दात आपल्या पडद्यात दबतो, जबड्याचं हाडही किंचित वाकतं, आणि उंचवटा लपतो.

खुणा वाचणं ही वेगळीच कला आहे. मोठा ठिपका म्हणजे जास्त भार, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. सपाट जागेवर ठिपका पसरट उमटतो, भार कमी असला तरी. खरा भार असतो तिथे कडेला निळं वर्तुळ आणि मध्ये शाई पुसली गेलेली पांढरी जागा. त्या मधल्या जागेवरच बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, लावायचा. मॅडम थोडं घासायच्या, पट्टी ओढायच्या, थोडं घासायच्या. शेजारच्या दातांनी पट्टी पहिल्यासारखी पकडली आणि कॅपनेही पकडली, तेव्हा मिटण्याचा भाग झाला. त्यानंतर लाल कागद, जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे. उजवीकडच्या कॅपवर लाल ओरखडा आला नाही. सुळ्यावर आला, तिथे यायलाच हवा होता.

मग त्यांनी खुर्ची सरळ केली, मला पाठ सोडून ताठ बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि सगळं पुन्हा पाहिलं. झोपून असताना जबडा थोडा मागे जातो, आणि माणूस जेवतो बसून. या बसलेल्या तपासणीत एक छोटी खूण नवीन सापडलीच, कॅपच्या पुढच्या कडेला. ती काढली, रबराच्या चाकांनी घासलेली प्रत्येक जागा चमकेपर्यंत पॉलिश केली, मगच सिमेंट. आणि सिमेंट बसल्यावर परत एकदा पट्टी, कारण सिमेंटचाही थर असतो.

त्या वेळी भूल दिलेली नव्हती, हेही सांगतो. रूट कॅनल झालेली दाढ, गरज नव्हती. पण भूल दिलेल्या जबड्याने चावून "ठीक वाटते" असं कोणी म्हणत असेल तर त्याला काही किंमत नाही. घराजवळच्या दवाखान्यात माझी पहिली कॅप बसली तेव्हा शेजारच्या दाताच्या कामासाठी दिलेली भूल उतरायची होती.

दाढ आता दुखत नाही. चणे, फुटाणे, सावजीच्या मटणातली नळी, सगळं उजवीकडून चालतं. डावीकडून खायची सवय मोडायला उलट जास्त वेळ लागला. दिवसा दात एकमेकांना लागलेलेच नसावेत, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ओठ मिटलेले, आणि आत दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट. घास चावताना आणि गिळताना दात टेकतात ती सगळी वेळ जोडली तरी दिवसात वीस मिनिटांच्या आसपास भरते, असं सर म्हणाले. मी पेपर वाचताना, स्कूटर चालवताना तपासून पाहिलं तर दर वेळी दात आवळलेले. राहाटे कॉलनीच्या सिग्नलला हमखास. आता सिग्नल लागला की जबडा सैल सोडतो.

करकर मात्र थांबलेली नाही, बायको साक्षीला आहे. सरांनी तसं लिहून दिलंच नव्हतं. स्प्लिंट म्हणून रात्री घालायचो त्याच धर्तीची नवी पट्टी आता कायमची आहे, आणि तिच्यावर डाव्या सुळ्यापाशी रुळलेली खोबण दिसते. मागच्या तपासणीत मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "बरं आहे काका, हे दातावर नाही, प्लॅस्टिकवर झालं." कॉम्पोझिटचा एक बारीक टवका उडाला होता, तो तिथल्या तिथे भरून दिला. पट्टी साध्या गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची, गरम पाणी लावलं की ॲक्रिलिक वाकतं आणि मग सगळी जुळणी गेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा तपासणीला जाताना ती डबीत घालून स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. खिशात ठेवावी.